चाळणी क्रमांक दोनशे तीस

सेमिनरी हिल्सच्या उतारावर, तळमजल्याच्या प्रयोगशाळेत
मे महिन्याची दुपार. बाहेर सेहेचाळीस.
टेबलावर एका कंकणद्वीपाच्या पोटातली वाळू,
एकशे बारा पिशव्यांत, मार्करने नंबर घातलेली.

मी समुद्र पाहिलेला नाही.
पंचवीस वर्षं झाली, तो चाळतो आहे.

सात पितळी चाळण्या, एकीवर एक.
पहिलीत अडकतात पोवळ्याचे तुकडे, बोटाच्या पेराएवढे,
कुठल्याशा वादळाने कड्यावरून आत भिरकावलेले.
मग शैवालाची चपटी खापरं,
जिवंत होतं तेव्हा पान, मेल्यावर चुना.
मग शिंपल्यांचा चुरा. मग खसखशीएवढी घरं,
ज्यांत कोणी राहत होतं.
आणि तळाच्या थाळीत पिठूळ गाळ.
तो म्हणे लगूनच्या मधोमध सापडतो,
जिथे पाणी थकून उभं राहतं
आणि हातातलं सगळं सोडून देतं.

"आणि ही पांढरी, बारीक?"
एकरे मॅडम भिंगातून डोळा न काढता म्हणाल्या,
"पोपटमासा. पोवळं दगडासकट चावतो,
मागून वाळू टाकतो."
"म्हणजे मॅडम, लोक ज्याच्यावर झोपून फोटो काढतात..."
"तेच, हेडाऊ. वजन लिहा."

शेवटच्या चाळणीला इंचाला दोनशे तीस तारा.
वरती राहिली ती वाळू, खाली गेला तो चिखल.
जाळी उजेडासमोर धरली की ताणा-बाणा दिसतो.
बाबा असते तर अंगठ्याने चाचपून म्हणाले असते,
विणकर बरा, पण काठाला ढिला.

बाबांनी माग विकला त्या संध्याकाळी
धोटा नाईक तलावात फेकला.
नंतर वर्षानुवर्षं तलाव भरत गेला,
मूर्त्या, राखड, नारळाच्या शेंड्या,
तांडापेठेच्या सगळ्या नाल्या.
एका उन्हाळ्यात जेसीबीने उपसला.
मी रजा टाकून काठावर उभा, चार दिवस.
काळा गाळ ट्रकात चढत होता, कोणी चाळत नव्हतं.
धोटा काही दिसला नाही.

"एवढं लगून भरायला किती लागतं, मॅडम?"
"हजार वर्षांत मीटरभर. कुठे तेवढंही नाही."
मी वहीत लिहिलं: पिशवी ११२, थाळीत, ०.८४ ग्रॅम.
मग त्यावर ॲसिडचा थेंब. फसफसली, संपली.

रात्री घरी कूलरची जाळी उघडली.
बोअरचं पाणी. तारांवर जाड पांढरी खपली,
तीन उन्हाळ्यांची.
शर्टाच्या खिशात ड्रॉपर राहून गेला होता.
एक थेंब सोडला.
तसाच आवाज.

"काहून हसून राहिले एकटेच?" कुसुम म्हणाली,
हातात घासणी घेऊन.
मी म्हटलं, आज राहू दे.
उद्या धू.