मेढ

बामणोलीच्या लाँचमधून उतरले
तेव्हा फ्लिपचार्टला डिझेलचा वास.
चित्रातला बाप्या इस्त्रीच्या शर्टातला,
कातकरी वस्तीत कुणी ओळखेना त्याला.
पोरं लाल फितीची गाठ बघत राहिली.

लशी हिलम जाळं तुणत होती.
"बाय, ह्यो आजार दिसतो कसा?"
दिसत नाही. वर्षानुवर्षं नाही.
तिनं सुई दातांत धरली,
झोपडीच्या मेढीवर बोटाचं पेर आपटलं.
भरीव.
दुसरीवर आपटलं –
आवाज आत कुठंतरी पडून गेला.
"वाळवी. वरनं सालपट सरळ."

पुढचं तिनंच सांगितलं:
चुलीचा धूर रोज लागला
तर ती जात नाय, पण गप बसती.
"तशी गोळी?"
तशीच. रोज. खाडा नाही.

"एका ताटात जेवलं तर?"
काही होत नाही.
"आन् एका वाकळंत?"
बाया हसल्या. एक नाही हसली.
तिचा नवरा, वीटभट्टीवरून परवाच आलेला,
दारात उकिडवा.
हसू विरल्यावर
त्यानं बोट पुढं केलं :
"वाजवून बघा."

परतीच्या लाँचमध्ये फॉर्म भरला.
'समुपदेशनाचे साधन' या रकान्यात
लिहिलं, मेढ.
मेढ्याच्या ऑफिसात साहेब विचारतील.
विचारू देत.