बुधवार, मिरज

शांतीची मेणबत्ती रविवारी लावायची राहिली.
रात्रपाळी होती. चार नंबरच्या वॉर्डात
एक आजोबा पहाटेपर्यंत पाणी मागत होते.

आज सुट्टी. करंज्यांसाठी रवा भाजायला घेतला
आणि मधेच गॅस बंद करून
सतारमेकर गल्लीत जाऊन उभी राहिले.

शमशुद्दीनचाचा भोपळा कोरत होते.
वाळका गर, बिया, जाळी,
सगळं खरवडून पायाशी ढीग.
"कधी वाजेल हा?"
"आधी रिकामा तर होऊ दे, सिस्टर."

घरी आले.
योनाथानशी तीन वर्षांचा अबोला.
भाऊच तो, पाठचा.
फोन अजून लावलेला नाही.
फक्त त्याचा पुसट झालेला नंबर
वहीत पुन्हा नीट लिहिला,

आणि राहिलेली मेणबत्ती लावली,
बुधवारीच.