मूठ

अर्विड हाल्वर्सनच्या गराजमधून
पस्तीस डॉलरला घेतली.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
ही उघडीच होती,
अंगठ्यापाशी रबर झिजून गुळगुळीत,
आणि तो अंगठा माझा नव्हता.

"मला आता उचलवत नाही," खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला.
पैसे न मोजता खिळ्यांच्या डब्यात टाकले
आणि मी विचारलं नसताना शिकवायला बसला:
आधी कॅमेऱ्याचं बॅटरीचं दार काढायचं.
तोडायचं नाही. बिजागरीची खीळ नखानं मागे ओढायची,
सुटतं अलगद.
आता मुठीत बघ,
त्या दाराच्याच मापाची खाच आहे.
दार तिथे ठेवायचं.
"लोक हरवतात दार.
मग कधी मूठ काढायची वेळ आली
की कॅमेरा उघडा पडतो."

मिरजेच्या फ्लॅटची किल्ली
अजून माझ्या चमच्यांच्या खणात आहे.
फ्लॅट विकून नऊ वर्षं झाली.

मग दोन बॅटऱ्या.
आधी एक संपते, मग दुसरी लागते,
मध्ये काही वाजत नाही, थांबत नाही,
तुला कळणारही नाही, अर्विड म्हणाला.
आणि हे इथलं छोटं कुलूप,
काम झालं की लावायचं, विसरायचं नाही.

जानेवारीत डुलुथच्या कालव्यावर
उणे चोवीस.
हंगामातलं शेवटचं जहाज यायचं होतं.
मुकुंदला म्हटलं, तू गाडीतच बस,
तुला काय त्या लोखंडाचं.
तो थर्मास घेऊन उतरला.
काही बोलला नाही, नाकातून नुसती वाफ.

पूल उंच, म्हणून कॅमेरा उभा धरला.
आता कोपर आभाळात नाही,
बरगडीला टेकलेलं,
खालच्या बटणावर बोट,
म्हणजे बोट असावं तिथे, जाणवत नव्हतं.
जहाजानं भोंगा दिला, एक लांब, दोन आखूड.
पुलानं तसंच उत्तर दिलं.
पोटऱ्यांपर्यंत थरथरलं.

मी काढत राहिले.
मग कॅमेरा पाठीवर टाकून
कठड्यावरून वाकले, खूप वाकले,
नाळेखाली बर्फ फुटत होता
त्याचा आवाज ऐकायला.
जुनी कपाटं कुणी जिन्यावरून
ढकलत न्यावीत तसा.

घरी आल्यावर पाहिलं,
पहिली बॅटरी कधीच संपली होती.
कुलूप लावायचं राहिलं होतं.
जहाजाचे एकशे दहा, बरेचसे हललेले,
आणि पुढे त्रेचाळीस,
जे मी काढलेच नव्हते:
माझ्या बुटाची टाच.
मिठानं पांढरा झालेला रस्ता.
कुणाच्या तरी कुत्र्याचं शेपूट, तेवढंच.
तिरका कठडा, तिरकं आभाळ,
पुन्हा बूट.

आणि एकतिसाव्यात हात.
मुकुंदचा. हातमोजा काढलेला.
माझ्या पाठीमागे, जाकिटापासून वीतभर,
बोटं अर्धी वळलेली,
धरायला तयार, धरलेलं काही नाही.
बत्तिसाव्यात तोच. तेहतिसाव्यात तोच,
बोटांची पेरं लाल.
छत्तिसाव्यात खिसा.

स्वयंपाकघरात तो
थर्मासचं तळ घासत होता,
नळ मोठा सोडून.

रात्री अर्विडचा फोन.
जहाज मिळालं का?
मिळालं म्हटलं.
"आणि कुलूप?"
विसरले.
तो खोकत खोकत हसला.
"सगळेच विसरतात. मग, काय काय निघालं?"

बूट, म्हटलं.
मीठ.
एक शेपूट.