शेवटचं वजन

तासगावात, मार्केट यार्डाच्या मागं,
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजातली चार नंबरची खोली
त्या साली रिकामीच राहिली.
नजीर ऑपरेटरनं सुतळी आणि खिळ्यानं
फरशीवर निळीची तीन वर्तुळं काढली,
वरून पाईपनं पाणी मारलं,
काटा शून्याच्या खाली ढकलला.
सकाळी फरशीनं काच धरलेली.

विसाची लोखंडी वजनं आठ,
इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून कोपऱ्यात पडून,
प्रत्येकावर वजनमापवाल्याचा शिक्का.
"टीव्हीवरचा दगडबी विसाचाच असतोय," नजीर म्हणाला,
जणू बाकीचं सगळं आपल्याकडं होतंच.
चौघांच्या दांडीला लाल चिंधी,
चार तशीच.

मी दिवाणजी. हिशेब माझ्याकडं आला.
तीस वर्षं जमा एकीकडं, नावे दुसरीकडं,
दोन्ही बाजूंना काहीतरी पडतंच.
इथं तसं नव्हतं.
एका फेरीत आकडा एकाच्याच खात्यावर,
दुसऱ्याला भोपळा,
मग त्याची दोन वजनं घरात बसलेली का असेनात.

नवख्याला मी असं सांगायचो:
मधल्या ठिपक्याला सगळ्यात जवळ कोण? लाल.
लालचं एक.
त्याच्या मागं कोण? परत लाल. दोन.
त्याच्या मागं? बिनचिंधीचं.
झालं, मोजणं तिथं थांबलं.
पलीकडं लालचं तिसरं असलं तरी
मधे एक परकं येऊन बसलंय,
तिसऱ्याला कुणी विचारत नाही.

बेदाणा निवडायला येणारी रत्नव्वा
खराटा घेऊन वजनापुढं उलटी पळायची.
घासलं की ते लांब जातं, वळायचं राहतं,
हे तिनं आमच्याआधी ओळखलं.
वाद पडला की तीच खाली बसायची,
गारठलेली बोटं लावायची:
"ह्ये तीन बोटं, ह्ये तीनला जरा कमी."
तिच्या "जरा"वर अपील नव्हतं.

आणखी एक नियम, तो जिन्नाप्पाला पटत नव्हता.
ज्यानं आकडा घेतला त्यानं पुढच्या फेरीत
शेवटचं वजन दुसऱ्याला द्यायचं.
कुणीच घेतला नाही,
तर शेवटचं ज्याचं होतं त्याच्याकडंच राहतं.
म्हणून शहाणे लोक कधीकधी एकवर पाणी सोडतात,
पुढं दोन दिसतील म्हणून.

जिन्नाप्पा मगदूम, पंचेचाळीस वर्षं पाठीवर पेट्या.
"हातात आल्यालं एक सोडायचं?
ह्यो कुठला धंदा?"
दर वेळी एक घ्यायचा,
आणि दर वेळी पुढच्या फेरीत मार खायचा.

सहाव्या फेरीला घर मोकळं झालं.
सगळी वजनं एकमेकांनी हाणून बाहेर काढलेली,
निळी वर्तुळं तेवढी, आणि शेवटचं त्याचं.
नुसतं सोडलं असतं तरी एक पदरात होता.
तो उभा राहिला. तोंडातून वाफ.
रत्नव्वानं खराटा टेकवला.
मग त्यानं असं ढकललं
की वजन तिन्ही वर्तुळांतून सरळ पार,
भिंतीच्या पत्र्यावर दाणकन.
"लिवा भोपळा," म्हणाला,
"पर माझं त्ये माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी विजेचं बिल आलं,
बिलाच्या मागोमाग शेठ.
काटा परत चार अंशांवर.
दुपारपर्यंत घराचं पाणी झालं,
निळं निळं, गटारीला लागलं.

खतावणीच्या मागच्या पानावर अजून आहे:
लाल चार, साधे पाच,
सहावी फेरी, शून्य, शून्य,
बाजूला बारीक अक्षरात,
शेवटचं: जिन्नाप्पा.

आता त्याची पाठ सरळ होत नाही.
गेटवर स्टूल टाकून बसतो.
सायकल आत घेताना विचारतो,
"दिवाणजी, माझं एक हाय न्हवं अजून?"
"आहे," मी म्हणतो.
पाडव्याला नवी वही घातली
की मागची बाकी पुढं ओढताना
ती ओळही ओढतो.
एकदा ऑडिटरनं बोट ठेवलं, हे काय?
येणं, म्हटलं.