एनालाप्रिल, पाच मिलिग्रॅम

उद्या तोंडी परीक्षा, आणि वेंगुर्ल्यात लाइट गेलेली.
इन्व्हर्टर वॉर्डाला आहे, होस्टेलला नाही.
नफीसा मुकादमच्या मोबाइलचा उजेड वहीवर,
आणि खिडकीतून समुद्रातल्या दीपगृहाचा,
येतो, जातो,
एका औषधाचं नाव वाचण्यापुरता.

'डिगॉक्सिन,' नफीसा म्हणते.
आधी नाडी. पूर्ण एक मिनिट, घाई नाही.
साठच्या खाली असेल तर गोळी हातातच ठेवायची, डॉक्टरांना कळवायचं.
पेशंट म्हणाला, दिव्याभोवती पिवळं कडं दिसतं,
तर वय झालं म्हणून हसायचं नाही.

'फ्रुसेमाइड.'
पाणी जातं, पाण्याबरोबर पोटॅशियम जातं, पायात गोळे येतात.
सकाळीच द्यायचं,
नाहीतर म्हातारा रात्रभर मोरीच्या वाटेवर.

'रिफाम्पिसिन.'
लघवी केशरी, घाम केशरी, रडलं तर तेही.
सहा नंबरच्या मोंडकरीणबाईंनी घाबरून
सगळ्या गोळ्या माडाच्या मुळात पुरल्या होत्या.
रेमेडिओस सिस्टर त्यांच्यावर रागावल्या नाहीत, आमच्यावर रागावल्या:
अबोलीच्या रंगाची होईल, एवढं आधी सांगायला
काय जड होतं?

'डॉक्सीसायक्लिन.'
लेप्टोला. भरपूर पाण्याबरोबर, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही.
ऊन टाळावं.
लावणीला वाकलेल्या बाईला ऊन टाळ म्हणून कसं सांगायचं
ते पुस्तकात नाही.

'प्राझोसिन.'
विंचवाला. पहिल्या गोळीनंतर उठू द्यायचं नाही, बीपी घसरतं.

'एनालाप्रिल.'
रक्तदाबाला. पोटॅशियम वाढतं.
ओठ, जीभ सुजली तर ताबडतोब...
आणि कोरडा,
घशात कुसळ अडकल्यासारखा,
काही केल्या न थांबणारा
खोकला.

'पुढचं सांगू?' नफीसा विचारते.
थांब जरा.

बाबांचा खोकला आमच्या तारामुंबरीत सगळ्यांच्या ओळखीचा.
होडीच्या आधी तो धक्क्याला लागतो,
आई त्याच्यावरच तवा ठेवते.
दोन वर्षं.
अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, मधातून मिरपूड,
देवळात गाऱ्हाणं,
बिडी सुटली,
छातीचा फोटो दोनदा, दोन्ही वेळा स्वच्छ.
तांडेलाने त्यांना बर्फापासून लांब केलं
आणि वाट्यातही थोडं लांब केलं.
आणि ती पट्टी, दहा-दहा गोळ्यांची,
सुट्टीला घरी जाताना मीच नेत होते,
खाजाच्या पुडीबरोबर, एकाच पिशवीतून.

पहाटे चारला फोन लावला. ते डिझेल भरत होते.
'बाबा, खोकला गोळीचा आहे.
पण गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही, ऐकताय ना?
सोमवारी डॉक्टरांना पट्टी दाखवा, बदलून मागा.'
पलीकडे इंजिन. मग खोकला. मग,
'म्हणजे बिडी मी उगाच सोडलंय?'

परीक्षेत मला इन्सुलिन आलं.
घाम, थरथर, भलतंसलतं बोलणं, मग साखर,
शुद्धीत असेल तरच तोंडाने.
बाहेरून आलेल्या मॅडम मान हलवत होत्या,
मला मात्र इंजिन ऐकू येत होतं.

आता गोळी दुसरी आहे.
तीन आठवडे झाले. आई फोनवर कुरकुरते:
'तुझो बापूस दारात येवन उभो,
आणि माका कळलाच नाय गो. तवो थंड.'

आई, मी म्हणते, संध्याकाळी त्यांचे घोटे बघत जा.
अंगठ्याने दाबायचं, सोडायचं,
ओल्या पुळणीवर राहतो
तसा खळगा राहतो का, ते सांग.