साठ किलोखाली

बार्न्सलीच्या त्या हॉलात काट्यावर
दोनशे ग्रॅम जास्त भरलो.
मग कचऱ्याची काळी पिशवी अंगात घालून
जिन्याखाली दोरीच्या उड्या,
आणि कोच क्लिफर्ड, घड्याळ धरून:
"थुंक. अजून थुंक."
आईची गुळपोळी बॅगेत तशीच.

तिसऱ्या फेरीत तो कोपऱ्यातून ओरडला,
हात वर, हात वर,
मला ते पाण्याखालून ऐकू आलं.
एका गुणानं हरलो.

ज्यानं हरवलं तो ऑल्डरॉइड
बसस्टॉपवर अर्धी पोळी खात म्हणाला,
"ही सकाळीच खाल्ली असतीस
तर आपली गाठच पडली नसती."

चाळीस वर्षं झाली.
दाढी करताना हनुवटी अजून
आपोआप छातीकडे जाते,
डाव्या जबड्याखाली
रोज थोडी राहून जाते.