पन्नास वळकट्या

कमीत कमी पन्नास, मी फोनवर सांगितलं,
त्याखाली आमचा मालक ट्रक हलवत नाही.
मर्डो गिलख्राइस्ट थोडा वेळ गप्प.
मग म्हणाला, जागा अडतीसचीच आहे,
मोजलीय मी. दोनदा.
पण पाठव.

विंटन गावाच्या कडेला, मेंढ्यांच्या कुरणाला लागून घर.
पुढे न्यूझीलंड संपतं, मग नुसता वारा.
पहाटे चारला शेतावर कापलेली हिरवळ
ट्रकमध्ये माझ्या पाठीशी,
गवत आत, माती बाहेर, घट्ट गुंडाळलेली.
वळकटीत हात घातला तर ऊबदार लागतं.
लोकांना ते आवडतं.
मी सांगते, ऊब नाही, ताप आहे हा.
संध्याकाळच्या आत अंथरली नाही
तर मधोमध पिवळी पडते, मग वास सुटतो.

दारापासून फाटकापर्यंत एक पट्टा.
मध्ये वळलेला, कारण
खुर्चीच्या चाकांना चढ अंगावर आलेला चालत नाही.
रॅम्प त्यानंच बांधला होता, त्यानंच उकलला.
फळ्या गॅरेजला टेकवलेल्या,
खिळे मुरंब्याच्या बरणीत, लांबीप्रमाणे.
खालची माती नऊ वर्षं ऊन न बघितलेली,
प्लास्टर काढलेल्या हातासारखी
फिकट आणि जरा लाजरी.

दाताळं फिरवताना एक कंगवा निघाला,
चौकटची सत्ती,
आणि गोळ्या, चंदेरी कागदातल्या, न फोडलेल्या,
चार, पाच, पुढे आणखी तीन.
मर्डोनं त्या तळहातावर घेतल्या.
फटीतून टाकायची, म्हणाला.
आणि मला सांगायची, गिळल्या.
हसला. हसताना त्याला खोकला आला.
नेटा, एवढंच म्हणाला, हाक मारावी तसं.

मग आम्ही अंथरत गेलो.
विटांसारखे सांधे चुकवत,
एका रांगेची फट दुसरीच्या पोटाशी.
तो गुडघ्यांवर, पंच्याहत्तरीचा, सारखा ओढून ताणून बसवायचा.
ओढू नका, मी म्हटलं, ढकला.
ताणून जोडलेलं वाळताना सुटतं.
हे मी सगळ्यांनाच सांगते.
त्यानं हात थांबवून माझ्याकडे पाहिलं
आणि मला उगीचच
सुरी धुवायला जावंसं वाटलं.

फाटकाशी विचारलं, वळण कशाला ठेवायचं आता?
सरळ करू, चार वळकट्या वाचतील.
पोस्टमन वळणावरूनच येतो, तो म्हणाला.
मीसुद्धा.

बारा उरल्या.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
इथे पाय संपले, अंथरूण शिल्लक.
घेऊन जा, म्हणाला, माझ्यासमोर कुजायला नकोत.
लोकांच्या दारात हिरवळ घालणाऱ्या बाईच्या दारात
सहा वर्षं चिखल.
त्या रात्री ट्रकचे दिवे लावून मी बाराच्या बारा घातल्या,
पाणी दिलं, बूट बाहेर काढले.
दुसऱ्याच सकाळी कामाला उशीर झाला
आणि त्यांच्यावरूनच धावत गेले.

नवव्या दिवशी त्याचा फोन.
रोज कोपरा उचलून बघतोय, धरलंय का.
मी रागावले. खपली आहे का ती?
उचलत राहिलात तर धरेल कशी?
तेच सांगतोय, तो म्हणाला.
आज उचलला, तर आला नाही.

मागे कुठेतरी मेंढ्या.
मी म्हटलं, बरं झालं. पाणी कमी करा आता.
आणि पाय?
पाय अजून पाच दिवस नाही.

फोनमध्ये वारा वाजत होता, म्हणजे तो दारातच उभा.
पाच दिवस, म्हणाला. मग आत चहा ठेवतो.